यंत्राची बोली कोणाची? : मुक्त संगणकप्रणाली आणि हार्डवेअरचा प्रश्न

२०२५ च्या लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या आठवड्यात एक तारीख आली, तिची नोंद पंचांगात नव्हती. १४ ऑक्टोबर २०२५ ही मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १० या प्रणालीला मिळणाऱ्या आधाराची अखेरची तारीख. काही अटी मान्य करून किंवा पैसे मोजून घरगुती ग्राहकाला आणखी एक वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, पुढे त्याही बंद. त्यानंतरची प्रणाली म्हणजे विंडोज ११. ती अधिकृतपणे चालवायची तर संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर साधारणपणे २०१७ नंतरच्या पिढीतला हवा. २०१४-१५ साली घेतलेला, अजून ठणठणीत असलेला संगणक या चाळणीतून खाली पडतो.

मोठ्या शहरात यावर 'नवा घ्या' असे उत्तर मिळते. नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी ते इतके सोपे नसते. अडत्याच्या गादीवर, जिनिंगच्या कार्यालयात, तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, शाळेच्या संगणक कक्षात जी यंत्रे असतात ती दहा-बारा वर्षे वापरायची या हिशेबानेच घेतलेली असतात. कित्येक तर शहरातल्या कंपन्यांनी काढून टाकलेली, दुसऱ्या हाताची. अशा वेळी जाणकार मंडळी सल्ला देतात, 'लिनक्स टाका.' सल्ला बरोबर आहे. लिनक्सवर आधारलेल्या मुक्त प्रणाली विनामूल्य मिळतात, जुन्या यंत्रावर चालतील अशा हलक्या आवृत्त्या त्यांत असतात, आणि त्यांचा मूळ आराखडा कोणालाही वाचता, बदलता, वाटता येतो. पण सल्ला ऐकणारा दुकानदार पुढच्याच वाक्यात विचारतो, 'माझा प्रिंटर चालेल का त्यावर?'

मुक्त प्रणाली घराघरात का पोहोचली नाही याची कारणे सांगताना सवय, जाहिरात, शिक्षण अशा पुष्कळ गोष्टींची चर्चा होते. माझ्या मते दुकानदाराचा हा प्रश्न त्या सगळ्यांच्या आधी येतो. आणि त्याचे उत्तर प्रणालीच्या चांगल्या-वाईटपणावर फारसे अवलंबून नाही. प्रिंटरशी कोणत्या भाषेत बोलायचे हे लिहिलेला कागद कोणाच्या कपाटात आहे, यावर ते अवलंबून आहे. हे कसे, ते या लेखात उलगडून पाहू.

दुभाषी

संगणकाला जोडलेला प्रत्येक भाग आपापल्या रीतीने आज्ञा घेतो. कागद ओढ, डोके डावीकडे ने, इथे ठिपका उमटव, या आज्ञा शेवटी आकड्यांच्या स्वरूपात जातात आणि कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे यंत्र बनवणारा ठरवतो. ही यंत्राची बोली. कार्यप्रणालीला प्रत्येक यंत्राची बोली येत नाही, म्हणून मध्ये एक छोटा प्रोग्राम बसतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. प्रणालीचे म्हणणे यंत्राला आणि यंत्राचे म्हणणे प्रणालीला सांगणारा तो दुभाषी.

विंडोजसाठी हा दुभाषी यंत्र बनवणारी कंपनी स्वतः तयार करून देते, कारण तिचे बहुतेक गिऱ्हाईक तिथेच असते. पूर्वी प्रिंटरच्या खोक्यात सीडी येई, आता तो इंटरनेटवरून आपोआप उतरतो. लिनक्समध्ये व्यवस्था निराळी आहे. तिथे बहुतेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, समाविष्ट असतात. लिनक्स कर्नलच्या एकूण मजकुरात निम्म्याहून अधिक भाग निव्वळ ड्रायव्हरांचा आहे.

लिनस तोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या छंदाच्या प्रणालीची पहिली जाहीर वाच्यता केली, तेव्हाच त्याने सांगून टाकले होते की एटी प्रकारच्या हार्ड डिस्कशिवाय दुसरे काही यात बहुधा कधीच चालणार नाही, कारण त्याच्याजवळ तेवढेच होते. पुढे जगभरच्या लोकांनी आपापल्या टेबलावरच्या यंत्रांसाठी दुभाषी लिहिले आणि कर्नलमध्ये जमा केले. लिनक्समधल्या ड्रायव्हरांची यादी म्हणजे कोणाच्या तरी टेबलावर काय होते याची नोंदवही आहे, असे म्हणायला हरकत नाही. नंतर इंटेलसारख्या कंपन्याही पगारी माणसे लावून हे काम करू लागल्या.

या व्यवस्थेचा एक मोठा फायदा आहे. कर्नलच्या रचनेत कोणी बदल केला, तर त्या बदलाने बिघडणारे कर्नलमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करण्याची जबाबदारी बदल करणाऱ्यावर येते. त्यामुळे एकदा आत आलेले यंत्र सहसा वीस-वीस वर्षे आत राहते. विंडोजवर मात्र प्रणालीची रचना बदलली आणि कंपनीने नवा ड्रायव्हर दिला नाही, तर चालते यंत्र बाद होते. तोटाही तितकाच उघड आहे. ज्या यंत्राची बोली कोणालाच ठाऊक नाही, त्याचा दुभाषी लिहायचा कोणी आणि कसा?

बाजारातले तीन नमुने

पहिला नमुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा. करकर आवाज करत भोकाभोकांच्या लांब कागदावर पावत्या छापणारे हे यंत्र अडत दुकानांतून, वखारींतून अजून दिसते. एप्सन कंपनीने या प्रिंटरांसाठी आज्ञांचा जो संच ठरवला त्याला ईएससी/पी म्हणतात. हा संच कंपनीने लपवला नाही. प्रिंटरसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत कोणता आकडा पाठवला की अक्षर ठळक होते, कोणता पाठवला की ओळ सरकते, याचे तक्ते छापलेले असत. इतर कंपन्यांनीही आपले प्रिंटर याच बोलीत बोलते केले. परिणाम असा की हे जुने, गोंगाट करणारे यंत्र आजच्या ताज्या लिनक्सवरही चालते.

दुसरा नमुना छोट्या लेझर प्रिंटरचा. एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० ही दोन नावे आपल्याकडच्या कोणत्याही टायपिंग सेंटरवाल्याला पाठ असतील. ही यंत्रे स्वस्त झाली त्याला एक कारण आहे. जुन्या लेझर प्रिंटरमध्ये पान कसे रचायचे याचा हिशेब करणारा मेंदू प्रिंटरच्या आतच असे. या यंत्रांतून तो बहुतांशी काढून टाकला आणि ते काम संगणकावर सोपवले. संगणक पूर्ण पानाचे चित्र ठिपक्या-ठिपक्यांनी तयार करतो, दाबून लहान करतो आणि कंपनीच्या खास बोलीत प्रिंटरला पाठवतो. मेंदू काढल्यामुळे यंत्र स्वस्त झाले, पण दुभाष्यावाचून ते पांगळे झाले. आणि ही बोली पुस्तिकेत छापलेली नव्हती.

लेझरजेट १०२० ची आणखी एक खोड आहे. स्वतः चालण्यासाठी लागणारा प्रोग्रामही तो जवळ बाळगत नाही. दर वेळी बटण दाबून सुरू केला की तो प्रोग्राम संगणकाने त्याला नव्याने पाठवावा लागतो. एचपीचे लिनक्ससाठीचे सॉफ्टवेअर बहुतांशी मुक्त असले तरी या प्रिंटरसाठी त्याला एक बंद पुरवणी जोडावी लागते. कंपनीच्या बाहेरच्या एका प्रोग्रामरने ही बोली उलगडून फू-टू-झेडजेएस नावाचा मुक्त ड्रायव्हर लिहिला, तरी यंत्राला पाजायची ती फाइल कंपनीचीच लागते. कॅननने २९०० साठी लिनक्सचा ड्रायव्हर दिला, पण त्याचे महत्त्वाचे भाग बंद आणि ३२ बिटांच्या जमान्यातले. पुढे सगळ्या प्रणाली ६४ बिटांच्या झाल्या. आत डोकावून तो बदलण्याची सोय नसल्यामुळे लोकांना जुनी पूरक सॉफ्टवेअर जोडत द्राविडी प्राणायाम करावा लागला.

तिसरा नमुना याच कॅनन कंपनीचा, आणि तो उलट दिशेचा. कॅनोस्कॅन लाइड २५ हा वहीसारखा चपटा स्कॅनर. कंपनीने त्याला ६४ बिटांच्या विंडोजसाठी ड्रायव्हर दिलाच नाही. म्हणजे विंडोज ७ च्या काळात नवा संगणक घेतलेल्या कित्येकांच्या घरी चालता स्कॅनर माळ्यावर गेला. लिनक्सवर तो आजही चालतो. त्याच्या आतली चिप नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीच्या एलएम ९८३एक्स कुळातली, आणि त्या चिपची तांत्रिक पुस्तिका उपलब्ध होती. ती वाचून मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी ड्रायव्हर लिहिला.

एकाच कंपनीचा प्रिंटर लिनक्सवर अडतो आणि स्कॅनर विंडोजवर मरून लिनक्सवर जगतो. तेव्हा 'लिनक्सवर हार्डवेअर चालत नाही' हे सरसकट विधान टिकत नाही. ज्याची बोली उघड, ते यंत्र त्याच्या कंपनीचा रस संपल्यावरही जगते. ज्याची बोली बंद, त्याचे आयुष्य कंपनीच्या मर्जीएवढे. विंडोजवर हे लक्षात यायला दहा वर्षे लागतात, लिनक्सवर पहिल्याच दिवशी येते, इतकाच काय तो फरक.

चळवळीच्या मुळाशी प्रिंटरच

मुक्त सॉफ्टवेअरची कल्पना सहसा स्वातंत्र्य, परवाने, कायदा अशा मोठ्या शब्दांत सांगितली जाते. तिचा उगम मात्र प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदात आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक लेझर प्रिंटर भेट दिला. रिचर्ड स्टॉलमन तिथे काम करत. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी एक सोय करून ठेवली होती. कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावर सूचना येई आणि कोणीतरी उठून तो सोडवी. नव्या प्रिंटरचा मूळ आराखडा झेरॉक्सने दिला नाही, त्यामुळे ही सोय त्यात करता येईना. दुसऱ्या एका विद्यापीठातील संशोधकाकडे तो आराखडा होता. स्टॉलमन त्याला भेटले, तेव्हा कंपनीशी गुप्ततेचा करार केला असल्याने देता येत नाही, असे उत्तर मिळाले.

सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू या संपूर्ण मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. तोरवाल्ड्सचे कर्नल आणि ग्नूची साधने मिळून आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो ती प्रणाली झाली. चाळीस-बेचाळीस वर्षांनंतर या प्रणालीकडे येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न पुन्हा प्रिंटरचाच असतो. हा निव्वळ योगायोग नव्हे. कार्यप्रणाली स्वतः लिहिता येते, पण यंत्र कारखान्यातूनच आणावे लागते. चळवळीचा हात तिथे थांबतो.

मराठीने हे आधी सोसले आहे

हा प्रश्न परदेशी किंवा केवळ तांत्रिक वाटत असेल, तर मराठीच्या छपाईचा गेल्या चाळीस वर्षांचा प्रवास आठवावा. आयबीएमच्या धाटणीचे पीसी भारतात आले तेव्हा त्यांना रोमन अक्षरेच ठाऊक होती. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले देवनागरीचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. ही संस्था १९८८ ची. त्यातून जिस्ट कार्ड तयार झाले. संगणक उघडून त्याच्या खाचेत हे कार्ड बसवले की डॉसवर चालणाऱ्या प्रोग्राममध्येही भारतीय लिप्या दिसू लागत. त्या काळातले ते मोठे काम होते. कार्यालयांतून मराठी संगणकावर आली ती अशा साधनांमुळे. पण त्या पडद्यावर मराठी दिसणे तोवर एका कार्डावर अवलंबून होते. कार्ड नाही त्या यंत्रावर देवनागरीही नाही.

नंतर विंडोज आली, कार्डाची गरज संपली आणि डीटीपीचे युग सुरू झाले. या काळातल्या अनेक मराठी सॉफ्टवेअरसोबत एक 'लॉक' मिळे. प्रिंटरच्या पोर्टला खोचायची काडेपेटीएवढी डबी. ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नसे. नव्या संगणकांवरून ते रुंद पोर्टच नाहीसे झाले आणि डबी लावायची कुठे हा प्रश्न उभा राहिला. शिवाय प्रत्येक कंपनीच्या फाँटचे आकडे वेगळे. एका फाँटमध्ये जिथे 'क' तिथे दुसऱ्यात वेलांटी. ज्या दिवाळी अंकांच्या संपादकांनी नव्वदच्या दशकातल्या अंकांच्या फायली फ्लॉपीवर किंवा सीडीवर जपल्या, त्यांना हे वेगळे सांगायला नको. छापलेला अंक वाचता येतो, त्याची फाइल वाचता येत नाही.

याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची आकड्यांची प्रमाण योजना आखली गेली. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ती आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केली, आणि इनस्क्रिप्ट हा कीबोर्डचा आराखडाही तिच्यासोबत दिला. हे मानक होते, कोणालाही वाचता येणारे. युनिकोडमधली भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या पायावर झाली. इनस्क्रिप्ट आज विंडोजमध्ये आहे, अँड्रॉइडवर आहे आणि लिनक्समध्येही आहे. काही कंपन्या गेल्या, काही राहिल्या, पण इनस्क्रिप्टवर बसलेला हात त्यामुळे अडला नाही.

एक छोटे उदाहरण आमच्या गावाच्या नावाचे. नांदुरा या नावाला विभक्ती लागली की 'नांदुऱ्याला', 'नांदुऱ्यात' होते आणि त्यात 'ऱ्य' हे मराठीचे खास जोडाक्षर येते. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या फाँटात ते निसटू शकते. पण युनिकोडमध्ये ते कसे लिहायचे याचा नियम जाहीर आहे, आणि रेड हॅट कंपनीने खुल्या परवान्याने दिलेल्या लोहितसारख्या फाँटांचा आराखडाही खुला आहे. चूक दिसली तर ती सुधारायला कोणाची परवानगी लागत नाही. अक्षरांच्या बाबतीत आपण जे मिळवले, ते यंत्रांच्या बाबतीत अजून मिळवायचे आहे.

बोली शिकण्याचे मार्ग

कंपनी सांगत नसेल तर यंत्राची बोली शिकायची कशी? एक मार्ग पाळत ठेवण्याचा. विंडोजवर यंत्र चालू ठेवायचे, संगणक आणि यंत्र यांच्यात जाणारे आकडे टिपायचे, एकच आज्ञा थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा द्यायची आणि कोणता आकडा बदलला ते पाहायचे. अनोळखी लिपीतला शिलालेख वाचण्यासारखेच हे काम आहे. ब्रॉडकॉम कंपनीच्या वाय-फाय चिपा आणि एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डे अशाच रीतीने वाचली गेली. एनव्हिडियासाठीच्या या प्रकल्पाचे नाव नूव्हो. अशा कामाला वर्षे लागतात, आणि तोवर कंपनीने यंत्राची पुढची पिढी बाजारात आणलेली असते.

दुसरा मार्ग मन वळवण्याचा. कर्नलच्या प्रमुख प्रोग्रामरांपैकी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००७ च्या जानेवारीत हार्डवेअर कंपन्यांना जाहीर सांगितले : तुम्ही फक्त माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो, गुप्ततेचा करार हवा असेल तर तोही करतो. मदतीला प्रोग्रामर मोठ्या संख्येने पुढे आले. कंपन्या त्या मानाने फार थोड्या आल्या. न येण्याची कारणे समजण्यासारखी आहेत. प्रतिस्पर्ध्याला आपली रचना कळेल ही भीती, चिपमधला काही भाग तिसऱ्याच कंपनीकडून परवान्याने घेतलेला, पेटंटच्या दाव्यांची धास्ती. वाय-फायच्या बाबतीत आणखी एक अडचण सांगितली जाते. ठरवून दिलेल्या लहरींबाहेर यंत्र चालवता आले तर दूरसंचाराचे नियम मोडतील.

तरीही वारे फिरले. एटीआय विकत घेतलेल्या एएमडीने २००७ मध्ये आपल्या ग्राफिक्स चिपांची कागदपत्रे खुली करण्याचे धोरण जाहीर केले. अथेरॉस कंपनीने २००८ मध्ये वाय-फायचा मुक्त ड्रायव्हर दिला, ब्रॉडकॉमने २०१० मध्ये. एनव्हिडियावर तोरवाल्ड्स २०१२ साली फिनलंडमधल्या एका जाहीर कार्यक्रमात इतके भडकले की त्यांनी कॅमेऱ्यासमोर हाताने अशिष्ट खूण केली. त्याच एनव्हिडियाने २०२२ च्या मे महिन्यात आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग मुक्त परवान्याने दिला. या मतपरिवर्तनात सद्भावनेचा वाटा किती, हे सांगणे कठीण. इंटरनेटचे मोठमोठे सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तिथले गिऱ्हाईक लाखांनी यंत्रे घेते, हे कारण पुरेसे आहे.

प्रिंटरच्या बाबतीत मदत फोनकडून आली. फोनमध्ये प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर भरणे शक्य नाही. २०१० मध्ये ॲपलने एअरप्रिंट आणले आणि प्रिंटरनेच एक ठरावीक बोली बोलावी अशी अट घातली. पाठोपाठ आयपीपी एव्हरीव्हेअर हे खुले मानक आले. आज वाय-फाय असलेले बहुतेक नवे प्रिंटर ही सामाईक बोली जाणतात, आणि त्यामुळे ते लिनक्सवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. वीस वर्षांच्या विनंत्यांनी जे साधले नाही, ते ग्राहकाच्या खिशातल्या फोनने साधले.

फर्मवेअरची गाठ

या सगळ्यात एक गाठ अजून सुटलेली नाही. आजच्या चिपांच्या पोटात स्वतंत्र छोटा संगणक असतो, आणि त्याला चालवणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. ड्रायव्हर मुक्त असला तरी फर्मवेअर बहुधा कंपनीचेच, बंद. लेझरजेट १०२० ला दर वेळी पाजावी लागणारी फाइल ती हीच.

या गाठीचा एक पदर रायगड जिल्ह्यातल्या खैराट या वाडीपर्यंत पोहोचतो. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये कर्जत तालुक्यातील तिथल्या छोट्या शाळेत सुरू झाला. मुलांच्या हाती आलेला हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप लिनक्सवर चालत होता, आणि मुलांनी यंत्राच्या आत डोकावून शिकावे हा उपक्रमाचा हेतूच होता. त्याच्या वाय-फायची रचना मोठी कल्पक होती. लॅपटॉप झोपलेला असला तरी शेजारच्या लॅपटॉपचा निरोप तो पुढे पोहोचवी. पण हे काम करणाऱ्या मार्व्हेल कंपनीच्या चिपचे फर्मवेअर बंद होते. ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीचे प्रमुख थिओ डी राट यांनी २००६ मध्येच यावर कडाडून टीका केली होती. मुलांना खुले यंत्र देतो म्हणायचे आणि गुप्ततेचा करार करून बंद चिप घ्यायची, हे त्यांना पटले नाही. उपक्रमाचे म्हणणे असे की इतकी कमी वीज खाऊन हे काम करणारी दुसरी चिप नाही, आणि मुले तोवर थांबणार नाहीत. दोन्ही बाजूंत तथ्य होते.

हाच वाद पुढे डेबियन या जुन्या आणि तत्त्वनिष्ठ प्रणालीत झाला. बंद फर्मवेअर आपल्या मुख्य सीडीत ठेवायचे नाही, हा तिचा नियम. त्यातून विचित्र पेच निर्माण होई. वाय-फाय चालायला फर्मवेअर हवे, फर्मवेअर इंटरनेटवर, आणि इंटरनेटला जायचे ते वाय-फायनेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे फर्मवेअर मुख्य प्रतीत समाविष्ट करण्याचे ठरवले आणि त्यासाठी आपल्या जाहीरनाम्यात दुरुस्ती केली. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून तसे झाले. काहींना ही माघार वाटली. मला हा निर्णय योग्य वाटतो. जो माणूस दारातूनच परत जातो, त्याला घराची तत्त्वे कधीच कळत नाहीत. मात्र आपण कुठे तडजोड केली हे लिहून ठेवले पाहिजे, आणि डेबियनने ते वेगळ्या कप्प्यात, स्पष्ट नावाने ठेवले आहे.

मुक्त प्रणाली जुनी यंत्रे कायम सांभाळते, असेही मानू नये. लिनक्सचा जन्म ज्या ३८६ प्रोसेसरवर झाला, त्याचा आधार डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलमधून काढून टाकण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ आता जुन्या ३२ बिटांच्या पीसीवर नव्याने बसवता येत नाही. सांभाळणारे हात उरले नाहीत की मुक्त जगातही यंत्र मागे पडते. पण तिथे हा निर्णय चर्चेने, उघड्यावर होतो, आणि ज्याला हवे त्याला जुना आराखडा घेऊन पुढे चालू ठेवता येतो.

सरकार नावाचे गिऱ्हाईक

सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर आधारलेली बॉस ही भारतीय प्रणाली २००७ मध्ये आणली. तीत मराठीही आहे. २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनात खुल्या मानकांचे धोरण स्वीकारले आणि २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे. धोरणे चांगली आहेत. पण गावातल्या सेवा केंद्राच्या टेबलावर पाहा. अंगठा घेणारे यंत्र, डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी किल्ली, डोळ्यांची बुबुळे टिपणारा कॅमेरा, या साधनांचे सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइड समोर ठेवून केलेले असते. केंद्रचालकाला लिनक्स कितीही आवडली तरी दाखले आणि उतारे देण्याचे त्याचे पोट या यंत्रांवर आहे. शासनाचे प्राधान्य कागदावर एक, यंत्राच्या अटीत दुसरे.

याला अपवाद केरळचा आहे. तिथल्या सरकारी शाळांनी दोन दशकांपूर्वीच मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले. २०१८ पासून सुमारे ४५,००० वर्गखोल्या आधुनिक साधनांनी सज्ज करताना काईट या राज्य संस्थेने शाळांसाठी स्वतः तयार केलेली लिनक्स वापरली. हजारो लॅपटॉप एकदम घेणाऱ्या गिऱ्हाइकासमोर विक्रेत्याला 'आमचे यंत्र त्यावर चालत नाही' म्हणण्याची सोय राहत नाही. एकटा दुकानदार ज्या कंपनीपुढे हतबल असतो, तिच्यापुढे एक राज्य हतबल नसते. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांच्या शाळांची संख्या पाहिली तर हा सौदा करण्याची ताकद आपल्याकडेही आहे.

खरेदीच्या वेळचा प्रश्न

राज्याने काही करेपर्यंत ज्याच्या टेबलावर जुना संगणक आहे त्याने काय करावे? लिनक्सच्या बहुतेक प्रणाली पेनड्राइव्हवरून, संगणकातल्या मजकुराला हात न लावता चालवून पाहता येतात. तसे अर्धा तास चालवावे. वाय-फाय जोडून पाहावे, आवाज येतो का ऐकावे, प्रिंटर लावून एक पान काढावे, संगणक झोपवून पुन्हा उठतो का पाहावे. हे चारही जमले तर बहुधा पुढे अडचण येत नाही. वाय-फाय अडले तर मुक्त ड्रायव्हर असलेल्या चिपचा छोटा यूएसबी तुकडा थोडक्या पैशांत काम भागवतो. प्रिंटर अडला आणि तो रोजच्या धंद्याचा असेल, तर त्याच्यासाठी एक जुना विंडोज संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवणे हा व्यवहारी मार्ग आहे. अंगठ्याचे यंत्र वापरणाऱ्या केंद्रचालकाला तूर्त लिनक्सवर जा असे सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शाळेचा संगणक कक्ष, वाचनालय, घरचा पीसी, लेखकाचे टेबल, इथे मात्र आज काहीच अडू नये.

नवे यंत्र घेताना दुकानात आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यायला हवी. 'याला ड्रायव्हरशिवाय छापता येते का, याची बोली खुली आहे का?' विक्रेत्याला पहिल्यांदा उत्तर येणार नाही. दहा जणांनी विचारले तर तो वितरकाला विचारील. शाळा, वाचनालये आणि ग्रामपंचायती कोटेशन मागवतात. त्या कागदावर किमतीच्या रकान्याशेजारी 'हे यंत्र मुक्त प्रणालीवर चालवून दाखवावे' ही एक ओळ घालायला खर्च येत नाही. ती ओळ नसेल, तर पाच-सात वर्षांनी विंडोजची पुढची तारीख येईल, आणि चालती यंत्रे पुन्हा भंगारवाल्याच्या गाडीवर चढतील.